जेवणाआधी दोन झाकणं

आमच्या भाऊजींना दारूच्या दुकानात मी चिकटवलं, असं ताई सगळ्यांना सांगते. खोटं नाही ते. पण का चिकटवलं ते ती कुणाला सांगत नाही, म्हणून मला तोंड उघडावं लागतंय.

भाऊजी म्हणजे ताईचा नवरा. औषधांच्या दुकानात कंपाउंडर. डॉक्टरने चिठ्ठी लिहायची आणि भाऊजींनी पडद्याआड उभं राहून खलात पूड घोटायची, काचेच्या मोजपात्रातून पाणी ओतायचं, बाटली गदागदा हलवायची आणि तिच्या अंगाला कागदाची पट्टी चिकटवायची. पट्टीच्या एका कडेला कात्रीने पाडलेल्या खाचा. एक खाच म्हणजे एक डोस. त्या खाचांवर भाऊजींचा भारी जीव. औषधं कारखान्यातून गोळ्यांच्या पाकिटांत यायला लागली, खल धूळ खात पडला, तरी हे आपले दुपारच्या वेळी पट्ट्या कापून ठेवायचेच. दुकानाचा म्हातारा मालक होता तोवर सगळं चालून गेलं. म्हातारा गेला, मुलांनी दुकान विकलं, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. आणि भाऊजी घरी आले.

घरी आले म्हणजे काय, घरावर आले. सवयीचा माणूस तो, हात स्वस्थ बसेनात. मिठाच्या डब्यावर पट्टी लागली: ‘चवीपुरते.’ दुधाच्या पातेल्यावर: ‘हलवून घेणे.’ चहा मोजपात्रातून मिळायला लागला आणि खुणेच्या वर थेंब चढला तर परत किटलीत जायला लागला. ताईला शिंक आली की ती रुमाल शोधेपर्यंत हे गोळी आणि पाणी घेऊन समोर हजर. तिला धूळ लागली की सर्दी झाली, हे विचारायची पद्धत नाही. गोळी घ्यायची. गप्प.

एक दिवस ताईचा फोन. आवाज चढलेला.

“अगं, ह्यांनी माझ्या पावडरच्या डब्यावर काय चिकटवलंय माहितीये? ‘फक्त बाह्य उपयोगासाठी.’ मी काय इतकी वर्षं पावडर खात होते?”

“बरं, मग मी काय करू?”

“ह्यांना कुठेतरी लाव. कुठेही. नाहीतर मी तुझ्याकडे राहायला येते.”

माझ्याकडे एकच खोली आहे आणि ताई घोरते. मी त्याच दिवशी मालकांशी बोलले.

मी दारूच्या दुकानात गल्ल्यावर बसते. दुकान अरुंद आणि लांबलचक, आगगाडीचा डबा उभा-आडवा बाटल्यांनी भरावा तसं. भिंतींना छतापर्यंत फळ्या, वरच्या फळीसाठी चाकांची शिडी, कोपऱ्यात घरघरणारा फ्रिज. मालकांची खुर्ची पंख्याखाली, आणि मालकांचा जीव खपात. आधीचा विक्रेता माल विकण्याआधी स्वतः तपासून बघायचा, तो एकदा शिडीवरच झोपला आणि तिथून खाली आला. तेव्हापासून मालक न पिणारा माणूस शोधत होते. आता दारूच्या दुकानात न पिणारा माणूस कोण येतोय! भाऊजी आयुष्यात एक थेंब प्यायले नाहीत हे ऐकून मालकांचे डोळेच चमकले.

“बघू,” म्हणाले, “जमलं तर कायमचा ठेवतो.”

ताईला सांगितलं तर तिने फोनवरच हुश्श केलं.

पहिल्या दिवशी शटर अर्धंच वर ठेवून मी भाऊजींना शिकवायला बसवलं. मला तरी कुठे जन्मतः येत होतं? कंपन्यांची माणसं येऊन सांगतात ते ऐकून ऐकून कान तयार झाले.

“भाऊजी, घाबरायचं काही नाही. दोन घरं लक्षात ठेवा. द्राक्षं आंबवली आणि तशीच बाटलीत भरली, ती वाइन. आणि आंबवलेलं भट्टीवर उकळून त्याची वाफ धरली, थंड केली, की ती कडक. तिला स्पिरिट म्हणतात.”

“डिस्टिल्ड!” भाऊजींचा चेहरा खुलला. ओळखीचं माणूस भेटलं. “डिस्टिल्ड वॉटरसारखं.”

“पाणी सोडून बाकी तसंच. धान्याचं करून लाकडी पिंपात झोपवलं की व्हिस्की. वाइनच उकळली की ब्रँडी. उसाच्या मळीची रम. व्होडकाला वासही नाही नि चवही जवळजवळ नाही. जिनला एका रानटी फळाचा सुगंध असतो.”

“आणि ब्लेंडेड लिहिलंय ते?”

“बऱ्याच पिंपांतली व्हिस्की एकत्र करतात.”

“म्हणजे कंपाउंडिंग.” भाऊजींनी मान डोलावली. कुणीतरी अजून मिश्रण बनवतंय, तेही चांगल्या पगारावर, याचं त्यांना बरं वाटलं असावं.

मग मी त्यांना वास घ्यायला शिकवलं. पेल्यात नाक खुपसायचं नाही, पेला नाकाशी न्यायचा, तोंड किंचित उघडं, दोन थेंब पाणी घातलं की वास मोकळा होतो, वगैरे. ज्या व्हिस्कीचं धान्य दलदलीतल्या वाळक्या मातीच्या धुरावर सुकवतात, ती त्यांच्यासमोर धरली. भाऊजींनी डोळे मिटले.

“टिंक्चर आयोडिन.”

“अहो भाऊजी, धुराचा वास आहे तो.”

“टिंक्चर आयोडिन. मला विचारता? जखमेला लावतात का ही?”

“मनाच्या,” मी म्हटलं.

मेहुणी आहे, थट्टा करायचा हक्क आहे माझा. पण ह्या माणसाला थट्टा कळत नाही हे मला ताईने सांगून ठेवलं होतं आणि मी विसरले. भाऊजी त्या बाटलीकडे बराच वेळ गंभीरपणे बघत राहिले. पुढचा सगळा घोळ तिथून सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी मी येते तो काय, सगळ्यात वरची फळी मोकळी! भाऊजी बाह्या वर सारून घामाघूम उभे, आणि मागच्या दाराशी खोकी. खोक्यांवर ठळक अक्षरांत ‘मुदत संपलेला माल. नष्ट करणे.’

“धाकट्याबाई, हे दुकान चाललंय की काय चाललंय?” माझ्यावरच गरजले. “ही बघा, बारा वर्षांची! ही अठरा! ही तर पंचवीस! कंपनीने स्वतः छापलंय वर, मोठ्या अक्षरांत, आणि तुम्ही दिव्याखाली मांडून ठेवता? एखादं गिऱ्हाईक दगावलं म्हणजे?”

तेवढ्यात मालक आले. खोक्यात डोकावले. दुकानातल्या सगळ्यात महागड्या बाटल्या रद्दीसारख्या कोंबलेल्या बघून ते शिडीच्या खालच्या पायरीवर मटकन बसले. त्यांना पाणी दिलं. भाऊजींनीच दिलं, मोजून.

मग मी परत शिकवणी घेतली. ती वर्षं म्हणजे पिंपात काढलेली वर्षं. जास्त वर्षं म्हणजे लाकडाचा गुण जास्त उतरलेला, एवढंच. जास्त चांगली असेलच असं नाही. एकदा बाटलीत गेली की व्हिस्कीचं वय वाढत नाही. बूच बंद राहिलं तर कुणाच्या नातवाने उघडली तरी तीच. वाइनचं उलटं. बाटलीवर जे साल असतं ते द्राक्षं तोडल्याचं, आणि एकदा उघडली की तीनचार दिवसांत ती उतरते.

“हे कुठे लिहिलंय?”

“कुठेच नाही.”

“वा! कमाल आहे!” आणि दुपारपर्यंत दुकानातल्या प्रत्येक वाइनवर चिठ्ठी चिकटली: ‘उघडल्यावर थंड जागी ठेवणे. चार दिवसांत संपवणे.’ बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवायच्या, म्हणजे बूच ओलं राहतं, हे सांगितल्यावर तर त्यांनी प्रत्येकीच्या मानेखाली फडक्याची घडी ठेवली. पेशंटला उशी नको?

आणि मग पहिलं गिऱ्हाईक आलं. चौकातला टायरवाला. हात काळे, नखं काळी, घाईत.

“एक व्हिस्की द्या.”

“कुणासाठी?” भाऊजींनी विचारलं.

“माझ्यासाठी.”

“काय होतंय?”

टायरवाल्याने मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. दारूच्या दुकानात आजवर त्याला कुणी काय होतंय म्हणून विचारलं नव्हतं. दारूच्या दुकानातच कशाला, कुठेच विचारलं नसावं, कारण तो एकदम ढिलाच पडला.

“भाऊ बोलत नाही माझ्याशी.”

“किती दिवसांपासून?”

“बाबा गेल्यापासून.”

“आधी काही घेतलंय यावर?”

“रम.”

“फरक पडला?”

“नाही हो. उलट हाणामारी झाली.”

“मग रम बंद,” भाऊजी म्हणाले आणि वळले. फळीवरून एक साधी, मध्यम किमतीची, सौम्य ब्लेंडेड व्हिस्की काढली. खिशातून खाचांची पट्टी काढून बाटलीला चिकटवली, ती कागदात गुंडाळली आणि वर लिहिता लिहिता सांगितलं, “जेवणाआधी दोन झाकणं, दुप्पट पाण्यातून. भावाबरोबर घ्यायची. एकट्याने अजिबात नाही.”

“आणि भाऊ आला नाही तर?”

“तर नाही घ्यायची. ही खराब होत नाही. थांबते.”

मी गल्ल्यावर कपाळाला हात लावून बसले होते. झाकणात मावतं ते किती? चिमणीचा घोट! टायरवाला आता शिव्या देणार, बाटली आपटणार, मालक येणार. पण टायरवाल्याने बाटली छातीशी धरली, विचारलं, “परत दाखवायला कधी येऊ?” आणि निघून गेला.

गावात बातमी पसरायला काय लागतं! आधी टायरवाल्याचा मित्र आला, मग मित्राची बायको. ती कधी दारूच्या दुकानाची पायरी चढली नसती, पण इथे विचारतात म्हणे नीट. शाळेच्या मोठ्या बाई निवृत्तीच्या समारंभासाठी वाइन घ्यायला आल्या. लाल आणि पांढरी यांत फरक काय ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि इतकी वर्षं सगळं ठाऊक असल्यासारखं वागल्यामुळे आता कुणाला विचारताही येईना. भाऊजींनी सांगितलं, लालमध्ये द्राक्षाची सालं आंबवण्यात असतात म्हणून ती तुरट, जड. पांढरीत नसतात म्हणून हलकी, थंड करून घ्यायची. मग विचारलं, “निवृत्तीचं वाईट वाटतंय की बरं?” बाई म्हणाल्या, “बरं वाटतंय, त्याचं वाईट वाटतंय.” भाऊजी म्हणाले, “मग गुलाबी.”

महिनाभरात गर्दीने दुकानाची दशा अशी झाली की मलाच शिडीखाली बसावं लागायला लागलं. बाहेर बाक आला. बसलेल्यांना नंबर मिळायला लागले. आणि एका सकाळी येऊन बघते तर फळ्या बदललेल्या! व्हिस्की एकीकडे, रम दुसरीकडे, ही मांडणी गेली. आता फळ्यांवर दुखणी. ‘सासरची माणसं.’ ‘बढती हुकली.’ ‘बढती मिळाली.’ ‘पाहुणे जात नाहीत.’ आणि सगळ्यात लांब फळी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत: ‘उगाचच.’

“भाऊजी, कंपन्यांनी बघितलं तर?”

“अहो, घाबरलेल्या नवख्या माणसाला काय कळणार सिंगल माल्ट नि काय? त्याला आपलं दुखणं कळतं. त्याला तिथून सुरुवात करू द्या.”

मालकांना बोलायचीच संधी मिळेना. ते एकाला महागडी बाटली दाखवायला गेले की भाऊजी मधेच दोन्ही लेबलं शेजारी धरायचे. “हिच्यात चाळीस टक्के, हिच्यातही चाळीस टक्के. नवीन आहात ना? मग ही स्वस्त घ्या. वरची रक्कम लाकडी खोक्याची आहे. चव कळायला लागली की या, मग ती बघू.” कुणी नुसतं म्हणालं, “रक्तदाबाची गोळी चालू आहे,” की भाऊजी हात झटकायचे. “मग तुम्हाला काही नाही. सोडा न्या.” त्या महिन्यात आमच्याकडे सगळ्यात जास्त काय खपलं असेल तर सोडा.

आणि गंमत पुढेच आहे. लोक बाटल्या संपवेनात! दोन झाकणं म्हणजे दोनच झाकणं. पट्टी लावलेली ना. गिऱ्हाईक नंबर लावून आत यायचं, अर्धी भरलेली बाटली उजेडात धरायचं आणि अभिमानाने सांगायचं, “अजून सात खाचा आहेत.” भाऊजी म्हणायचे, “छान, सुधारणा आहे.” टायरवाला भावाला घेऊन आला. दोघं आता बोलत होते, पण झाकण कुणी भरायचं यावरून कडाक्याचं भांडण चाललं होतं, आणि तेच सोडवून घ्यायला ते आले होते. सोडवून घेतलं आणि हात हलवत गेले. विकत काहीच घेतलं नाही.

“दुकानात पाय ठेवायला जागा नाही,” मालक ओरडले, “आणि गल्ल्यात खडखडाट!”

ते खोटं नव्हतं. गल्ला माझ्याच हातात होता.

इकडे ताई. पहिले काही दिवस ती स्वर्गात होती. दुपारी पाय पसरून झोपते म्हणाली, हवा तेवढा चहा पिते म्हणाली, डब्यांवरच्या सगळ्या पट्ट्या पाण्यात भिजवून खरवडून काढल्या म्हणाली. मग तिचे फोन गल्ल्यावर यायला लागले. ऐन गर्दीत.

“काही नाही, सहज केला. ह्यांनी डबा खाल्ला का?”

“ताई, माझ्यासमोर पंधरा माणसं उभी आहेत.”

“अगं, घरी येतात ते बोलून बोलून दमून. जेवतात नि आडवे होतात. आज मी मुद्दाम शिंकले. तीनदा.”

“मग?”

“कूस बदलली.”

“तुला हेच हवं होतं ना?”

“हवंच होतं,” असं म्हणून तिने फोन आदळला. दुसऱ्या दिवशी ती स्वतः आली, भाऊजींचा चष्मा घरी राहिला म्हणून. चष्मा भाऊजींच्या नाकावर होता. तिने आणलेला तो तिचा स्वतःचा निघाला. मी तिला बाकावर बसवलं, तर ती शेजारच्या बाईला विचारायला लागली, “तुम्हाला काय काय विचारलं हो त्यांनी?” मला तर राग आला होता. नवऱ्याला घराबाहेर काढ म्हणून माझ्या मागे लागली कोण? हीच ना? आता सुखाने बसावं की नाही घरी?

अखेर मालकांचा बांध फुटला. संध्याकाळी शटर ओढता ओढता त्यांनी भाऊजींना समोर उभं केलं.

“उद्या दिवसभर मी इथे काउंटरला बसणार. गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं. पट्टी नाही, झाकण नाही, आणि तोंडातून एक प्रश्न बाहेर पडता कामा नये. दिवस निभावलात तर नोकरी पक्की, कायमची. एक जरी प्रश्न विचारलात, तर तिथल्या तिथे चालते व्हा.”

भाऊजींनी मान खाली घातली. पहिल्यांदा मला त्यांची दया आली. घरी परत पाठवलं तर हा माणूस पुन्हा पातेल्यांना चिठ्ठ्या लावत बसणार, आणि इथे ठेवला तर मुका होऊन राहणार. तरी नोकरी ती नोकरी. मी रात्रीच्या आत ताईला फोन केला.

“उद्या जपायला सांग त्यांना. गप्प बसले की नोकरी पक्की.”

ताई म्हणाली, “गप्प बसले की पक्की?”

“हो.”

“आणि बोलले की घरी येणार?”

“हो ना. म्हणून तर सांगतेय, समजाव नीट.”

“समजावते हां,” ताई म्हणाली. इतक्या गोड आवाजात ती माझ्याशी कधीच बोलत नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुसरा दिवस उजाडला. मालक काउंटरच्या टोकाला हाताची घडी घालून बसले. भाऊजी मधोमध, ओठ घट्ट मिटून. रांग दारापर्यंत. पहिला म्हणाला, “व्हिस्की.” आता कुठली, हेसुद्धा प्रश्नच की! भाऊजींनी निमूटपणे तीन बाटल्या समोर मांडल्या आणि त्याच्याकडे बघत राहिले. त्याने एक उचलली. रेंगाळला.

“मला विचारा ना,” हळूच म्हणाला.

“पुढचा!” मालक गरजले.

असं दिवसभर चाललं. एकाने न विचारताच सांगून टाकलं, “झोप लागत नाही हो मला, मुलगा परदेशी गेल्यापासून.” भाऊजींच्या गालाची शीर उडताना मी बघितली. पण त्यांनी बाटली सरकवली. माणूस क्षणभर थांबला, मग म्हणाला, “दोन द्या.” शाळेच्या मोठ्या बाईंनी तर आख्खं खोकं नेलं, आणि जाताना कुणाकडे बघितलं नाही. विचारायला कुणी नाही म्हटल्यावर लोक दुपटीने घेत होते. गल्ला भरत होता. मालकांना गुदगुल्या होत होत्या. दुपार टळली, उन्हं उतरली, आता शटरला थोडाच वेळ उरला होता. मी मनात म्हटलं, सुटलो.

आणि रांगेत मला ताई दिसली.

नवी पर्स, चांगली चप्पल, केस बांधलेले. एखाद्या तपासणीला निघाल्यासारखी. मी गल्ल्यावरून तिला खुणा करते, जा, जा म्हणते, ती माझ्याकडे बघेल तर शपथ. नंबर आला तशी ती पुढे झाली.

“द्या काहीतरी.”

भाऊजींनी मान वर केली. तिला बघितलं. त्यांचा हात फळीकडे गेला आणि तिथेच थांबला, मग त्यांनी कुठलीतरी बाटली उचलून काउंटरवर ठेवली.

“कुणासाठी, ते नाही विचारत?” ताई म्हणाली.

“बाई, इथे विचारत नाहीत,” मालक म्हणाले. “बाटली घ्या, पैसे तिकडे.”

“माझ्यासाठी आहे,” ताई न विचारता म्हणाली. तिने बाटली थोडी पुढे ओढली, परत मागे ढकलली. ही बया येताना सगळं ठरवून आली होती हो, कसं बोलायचं, कसं चिडवायचं. पण ऐनवेळी तिचे डोळे भरून आले आणि सगळं विसरली. नुसती उभी राहिली.

भाऊजींनी एकदा मालकांकडे बघितलं. एकदा माझ्याकडे. मी मान हलवून नाही, नाही म्हणत होते. खरंच म्हणत होते.

“काय होतंय?” भाऊजींनी विचारलं.

मालकांनी काउंटरवर हात आपटला. “संपलं!”

कुणी तिकडे लक्ष दिलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात ह्या माणसाने ताईला हा प्रश्न विचारलेला मी ऐकला नव्हता. घरी तो सरळ गोळी आणून द्यायचा.

“घर खायला उठतं,” ताई म्हणाली.

“किती दिवसांपासून?”

“तुम्ही इथे लागल्यापासून.”

“आधी काही घेतलंय यावर?”

“धाकटीला फोन करून बघितले. फरक नाही.”

हे मात्र मला लागलं. पण ती वेळ भांडायची नव्हती.

भाऊजी वळले. त्यांनी वरच्या फळीपासून खालपर्यंत सगळ्या बाटल्या एकदा डोळ्यांखालून घातल्या. सासरची माणसं, बढती, पाहुणे. ‘उगाचच’ची लांबलचक फळी तर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. मग काउंटरवरची बाटली उचलून जागेवर ठेवली.

“यावर इथे काही नाही,” म्हणाले. एप्रन काढला, घडी केली, मालकांसमोर ठेवली आणि काउंटरची फळी उचलून बाहेर आले. “चल.”

“परत इथे पाऊल ठेवायचं नाही!” मालक ओरडले.

“नाही ठेवत,” भाऊजी म्हणाले. त्यांनी ताईची पर्स स्वतःच्या हातात घेतली. रांगेने भिंतीला पाठ लावून वाट करून दिली.

माझा संताप मावेना. एवढा जीव काढून नोकरी मिळवून दिली, आणि ती स्वतःच्या पायांनी चालत येऊन मोडून निघाली!

“ताई,” मी गल्ल्यावरूनच ओरडले, “ह्यांना घराबाहेर काढ म्हणून रडत कोण होतं?”

ताई दारात थांबली. नाक पुसलं.

“मी काय म्हणाले ते मला माहितीये,” ती म्हणाली. “तू तुझे पैसे मोज.”

आणि दोघं गेली. रस्ता ओलांडताना भाऊजी तिच्याकडे वाकून काहीतरी विचारत होते आणि ती हातवारे करून सांगत होती. खूप काही असावं, कारण पलीकडे पोचल्यावरही ते तिथेच उभे राहिले आणि ती सांगतच राहिली.

“पुढचा!” मालक म्हणाले.

पुढचा हलला नाही. आख्खी रांग काचेतून पलीकडे बघत होती. मालक परत ओरडले, मग तेही उठून काचेपाशी आले. माझ्यासमोर कुणीतरी पैसे धरले होते, आणि रडं आवरता आवरता ते घ्यायचं मला सुचत नव्हतं.